प्रतिसाद: ट्रॅक सायकल लांबच्या टूरला नेताना

ट्रॅक सायकल म्हणजे ट्रॅक-शर्यतीची एकाच गिअरची सायकल, चाकाबरोबर पेडलही फिरतच राहतं. ४८×१६ (पुढच्या चक्राला ४८ दात, मागच्याला १६) तसंच ठेवून फक्त बॅग बांधा, हा वरचा सल्ला सातारा-कराड-सांगली सपाटीला चालेल. यवतेश्वर घाटात गुडघे जातील. पुढे ४२, मागे १८ लावा. एकूण ४ दात कमी झाल्याने चेनच्या दोन कड्या (एक आतली, एक बाहेरची) काढाव्या लागतात, नाहीतर मागचं चाक अर्धा इंच मागं सरकतं.

उतार मात्र चढापेक्षा अवघड. या गिअरला पेडलच्या एका फेरीत सायकल ४.९ मीटर जाते, म्हणजे ताशी ३५ ला मिनिटाला सुमारे १२० फेऱ्या! पेडल थांबवता येत नाही, म्हणून पुढचा ब्रेक हवाच. ट्रॅक फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला) बहुधा ब्रेकचं भोक नसतं. घरी पाडू नका, फोर्कच बदला. मागेही ब्रेक बसला तर उत्तम.

लॉकरिंगचे (मागचं दातेरी चक्र, म्हणजे कॉग, जागेवर धरणाऱ्या रिंगचे) आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून घट्ट होते. ती ढिली राहिली की वेग कमी करायला पेडलवर मागं जोर देताना कॉग सुटतो आणि हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) आटे खलास. चेन मधोमध वर-खाली अर्धा इंच हलू द्या. १५ मिमीचा पाना सोबत ठेवाच, त्याशिवाय पंक्चरला मागचं चाक निघणार नाही.

सामान सीटमागच्या बॅगेत. बाजूच्या बॅगांना टाच लागते.