धूर पालिकेने सोडायचा, बादली कुणी घासायची?

बी-४०२: डेंग्यू वाढतोय आणि धुराची गाडी अजून आपल्या गल्लीत फिरकलेली नाही. कर भरतो तो कशाला? रोगराई आवरणं हे सरकारचं काम आहे. सोसायटीच्या कमिटीने आजच पालिकेला पत्र पाठवावं.

ए-१०३: पत्र जरूर पाठवू, पण त्यात धूर मागून फारसं हाती लागणार नाही. धुराने मरतो तो फक्त त्या वेळी उडणारा, धुरात सापडलेला डास. डेंग्यूचा एडीस डास पलंगाखाली, कपाटामागे, टांगलेल्या कपड्यांत बसतो, आणि गाडी आली की आपण खिडक्या लावून घेतो. अंड्यांना आणि अळ्यांना तर धूर लागतच नाही.

एडीसची मादी अंडी चिकटवते ती भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. ती कोरडी पडली तरी काही महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे बादली नुसती उपडी करून भागत नाही, आतून ब्रशने घासावी लागते. उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा एक वार ठरवायचा. कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, बंद फ्लॅटमधला कमोड, टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपचं उघडं तोंड (त्याला बारीक जाळी हवीच). हे सगळं दर आठवड्याला पालिकेचा माणूस येऊन बघेल, हे शक्य नाही.

बी-४०२: म्हणजे फिरून फिरून रहिवाशांवरच!

सी-६०१: नाही, तसंही नाही. हा डास सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे जात नाही, पण तेवढ्या टप्प्यात शेजारचं बांधकाम येतं, बेवारस प्लॉट येतो. तिथे आपल्याला पाऊल टाकायचाही हक्क नाही. तपासणी, नोटीस, दंड हे पालिकेनेच करायचं. सिंगापूरमध्ये सरकारी निरीक्षक घरं आणि बांधकामं तपासतात आणि अळ्या सापडल्या तर दंड करतात. पत्रात हे मागा. आणि रुग्ण सापडला की आजूबाजूच्या घरांची लगेच तपासणी मागा. रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवणं मात्र घरच्यांचं काम, कारण तापाच्या पहिल्या काही दिवसांत त्याला चावलेला डासच पुढे आजार पसरवतो.

पाण्यातून पसरणाऱ्या रोगांची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. १८६६ च्या कॉलऱ्यात लंडनचा मुख्यतः पूर्व भाग होरपळला. बाकी शहराला नवी गटारं जोडली गेली होती, पूर्वेकडचं काम अपुरं होतं, आणि तिथल्या पाणी कंपनीने न गाळलेलं पाणी सोडलं होतं. पूर्वेकडच्या लोकांनी हात कमी धुतले म्हणून ते मेले नाहीत.

आजही पाणी ठरावीक वेळीच येतं तिथे मधल्या काळात पाइपातला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. घरचा फिल्टर ज्याला परवडतो त्याचंच रक्षण करतो. पाइप तसाच गळका राहतो.

ई-३०४: पण घाण पालिकेच्या पाइपातून आली की आपल्या टाकीतून, हे कळणार कसं?

सी-६०१: क्लोरीन मोजून. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरलेला असावा. डीपीडी गोळीचं (क्लोरीन मोजायचं) किट घ्या, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, रंग तक्त्याशी लगेच जुळवायचा. एक नमुना मीटरपाशी, एक भूमिगत टाकीतून, एक सगळ्यात वरच्या मजल्याच्या नळाचा. मीटरपाशीच शून्य आलं तर तक्रार पालिकेकडे. मीटरपाशी ०.२ आणि वर शून्य, तर बहुधा टाकीत गाळ साचलाय किंवा पाणी फार वेळ पडून राहतंय, आणि ते सोसायटीने निस्तरायचं.

ए-१०३: टाकी धुण्याचं प्रमाण इथेच लिहून ठेवते. गाळ उपसून भिंती घासा. मग टाकीच्या क्षमतेच्या १००० लिटरमागे १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर (३३ टक्के क्लोरीनची). आधी बादलीत थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, मग पाणी वाढवून चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी टाकीत घाला. टाकी भरून २४ तास बंद ठेवा, नळांना पाणी सोडू नका. नंतर सगळं काढून ताजं पाणी भरा. उघड्या पोत्यातली जुनी पावडर बिनकामाची, तिचा क्लोरीन उडून गेलेला असतो. ॲसिडने टाकी अजिबात धुवू नका, ब्लीचिंगशी गाठ पडली तर विषारी वायू निघतो. आत उतरणारा माणूस एकटा नको.

डी-२०५: साथीचं पटलं. पण मधुमेह, हृदयविकार हे तर ज्याच्या त्याच्या हातात ना?

सी-६०१: अर्धंच. चालणं, तंबाखू सोडणं, गोळ्या वेळेवर घेणं आपलं. पण तयार पदार्थातलं ट्रान्स फॅट (हृदयाला घातक अशी चरबी) डोळ्यांना दिसत नाही. डेन्मार्कने २००३ मध्ये तेला-तुपाच्या १०० ग्रॅममागे २ ग्रॅमची मर्यादा घातली, आणि ज्यांनी कधी लेबल वाचलं नाही त्यांनाही फायदा मिळाला. असा नियम करणं कुठल्याही एका कुटुंबाच्या आवाक्यातलं नाही.

बी-४०२: ठीक. पत्रातून धूर काढतो. बांधकामाची तपासणी, रुग्णाभोवतीच्या घरांची पाहणी आणि मीटरपाशी क्लोरीन, एवढं मागतो. किट मागवू का?

ए-१०३: मागवा. पाणी सुटताच एक नमुना घ्या, दुसरा दहा मिनिटांनी. आत ओढलेली घाण पहिल्या धारेत येते. फक्त नंतरचा नमुना दाखवला तर पालिकेचे लोक सगळं ठीक आहे म्हणतील.