ताशी साठला गाडीचं स्टिअरिंग थरथरतं, मदत हवी आहे

मंडळी, माझी जुनी फोर बाय फोर, पुढे सलग अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). दोन इंच उचलून मोठे टायर टाकले, तेव्हापासून हा ताप. ताम्हिणीच्या रस्त्यावर साठच्या वेगात एक खड्डा लागला की स्टिअरिंग हातातून सुटेल असं हलतं. तिशीवर आल्याशिवाय थांबत नाही. बायको आता शेजारी बसत नाही!

चाकांचं बॅलन्सिंग झालं. मिस्त्रीने स्टिअरिंगचे हादरे शोषणारा नवा डॅम्पर टाकला, पंधरा दिवस बरं, मग पुन्हा तेच. काल जॅकवर चाक वर-खाली हलवलं तर खटखट. ब्रेक दाबून धरला तरी तशीच. म्हणजे व्हील बेअरिंग नसून किंग पिनच (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती खीळ) ना? आधी तेच बदलू, की कॅस्टर, म्हणजे त्या पिनचा मागचा कल, सुधारायला पाट्याखाली पाचर घालू? पुण्यात हे जाणणारा कुणी मिस्त्री?