हैदराबादला दोन दिवस: आई माळकरी, बाकीचे खवय्ये. कुठं खावं?

गोदाकाठची, परभणी

मंडळी, पुढच्या महिन्यात शनिवार-रविवार हैदराबादला जायलोत. मी, नवरा, बारावीतला मुलगा आणि आई. बापलेकांनी आत्तापासून बिर्याणीचा जप सुरू केलाय. आई माळकरी. अंडं घातलेला केकसुद्धा चालत नाही, आणि जिथं मटण शिजतं तिथं ती पाणीही पिणार नाही. मी मधली. सगळं खाते, पण आईसमोर नाही.

लॉज नामपल्ली स्टेशनजवळ बघितलाय. व्हिडिओ बघावेत तर ज्याला त्याला आपलंच हॉटेल एक नंबर. नेहमी जाणाऱ्यांनी सांगा, कुठं आणि काय खावं? आईची उपासमार नको आणि नवऱ्याचं तोंडही वाकडं व्हायला नको.

भांडेवाला, देगलूर

ताई, माझं भांड्याचं दुकान आहे. माल बेगम बाजारातून येतो, आजोबांच्या काळापासून. खरेदी दुपारनंतर, त्यामुळं सकाळ मोकळी आणि पोटही. मला विचाराल तर तिथं हॉटेलांची यादी घेऊन फिरू नका, घड्याळ घेऊन फिरा. प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली आहे. वेळ चुकली की नावाजलेल्या हॉटेलातही उरलंसुरलं ताटात येतं.

पहिली वेळ सकाळची. मदिना चौकाकडं शादाब आणि छत्ता बाजारात नायाब, या दोन्हीकडं सकाळी नहारी मिळते. बकऱ्याचे पाय आणि जीभ रात्रभर मंद आचेवर शिजलेली असते. रस्सा पातळ दिसतो म्हणून फसू नका, बोटं चिकटतात एवढा तो उतरलेला असतो. वरून लिंबू पिळायचं. सोबत कुलचा घ्या, नाहीतर चार कोपऱ्यांचा नान. तो नान भट्टीवरून निघताना बघायचा असेल तर पुरानी हवेलीजवळ मुन्शी नान म्हणून दुकान आहे, १८५१ पासूनचं. तिथं बसून खायची सोय बघू नका. कागदात गुंडाळून घ्या आणि चालता चालता निम्मा संपवा.

त्याच वेळेला तुम्ही आईला घेऊन गुलजार हौजकडं जा. तिथं गोविंदची गाडी आहे, लोण्यातली तवा इडली आणि डोसा. डोशावर उपमा पसरून मसाला टाकतात. उभ्यानं खावं लागतं आणि गर्दीही असते, पण चारमिनार समोर दिसतो, तेवढ्यात आईंचा वेळ जाईल. शादाबपासून हे लांब नाही. खाऊन झाल्यावर चारमिनारखाली सगळे एकत्र या.

मग चहा. चारमिनारला लागूनच निमराह आहे. इराणी चहात दूध वेगळं आटवत ठेवतात आणि चहाचा अर्क वेगळा दमाला लावतात. कपात आधी अर्क, वरून दूध. आपल्यासारखं सगळं एका पातेल्यात उकळत नाहीत. आलं-वेलची शोधू नका, तो वेगळाच चहा आहे. सोबत उस्मानिया बिस्किट, गोड आणि खारट दोन्ही. आईंसाठी मात्र बिस्किटात अंडं आहे का ते विचारूनच घ्या.

बिर्याणी दुपारचीच. तिथली कच्च्या गोश्तची असते: दह्या-मसाल्यात मुरवलेलं कच्चं मटण तळाला, त्यावर अर्धवट शिजलेला तांदूळ, आणि झाकण कणकेनं बंद करून दम. मटण आणि भात एकाच वेळी शिजून यायला पाहिजे, तिथं बावर्चीची परीक्षा असते. म्हणून साडेबारा-एकला, हंडी नुकतीच फुटलेली असताना जा. बशीरबागचं कॅफे बहार मला आवडतं. 'सिंगल' म्हणून जी प्लेट येते ती दोघांना पुरते, उगी चार मागवू नका. सालन (म्हणजे पातळ रस्सा) आणि दही सोबत येतंच.

हलीम रमजानमध्ये खावा. तेव्हा रस्त्यावर भट्ट्या लागतात, माणसं लाकडी घोटण्यानं गहू आणि मटण तासन् तास घोटत असतात. त्याला २०१० साली जीआय मानांकन मिळालं. बाकी दिवसांत काही ठिकाणी मिळतो, पण त्यासाठी वाट वाकडी करू नका.

संध्याकाळी मोजमजाही मार्केट. तुमच्या लॉजपासून फार लांब नाही. दगडी इमारत आहे, आत 'फेमस' नावाच्या दुकानाचं आईस्क्रीम, फळांचं. सिताफळाचा हंगाम असेल तर तेच घ्या. आपल्या बालाघाटाच्या सिताफळाचा अभिमान बाजूला ठेवून सांगतो, चांगलं असतं. कराची बेकरीही तिथंच. फ्रूट बिस्किटाच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या.

अमीरपेठचा लातूरकर

काका, घड्याळ पटलं, पण तुमचं घड्याळ संध्याकाळी बंद का पडतं? मी इथं कोर्स करायलोय. हैदराबाद रात्रीच जागं होतं. टोलीचौकीला शाह गौसमध्ये रात्री अकराला बसायला जागा मिळत नाही आणि बिर्याणी तेव्हाही गरमच असते, कारण हंड्या सारख्या उतरत असतात. जिथं खप जास्त तिथं ताजं, एवढाच नियम.

ताई, मुलाला आरटीसी क्रॉस रोडच्या बावर्चीला न्या. मेट्रोचं स्टेशन तिथंच आहे. फक्त बोर्ड नीट वाचा. बावर्ची नावाची हॉटेलं गल्लोगल्ली आहेत आणि मूळवाले आपली दुसरी शाखा नाही म्हणून सांगतात.

भांडेवाला, देगलूर

बाळा, रात्री अकराला बिर्याणी तुझ्या वयाला पचते. ताईंना सकाळी नहारीला उठायचंय.

काचिगुड्याची लेक

आईंबद्दल कुणीच नीट सांगितलं नाही, दोघांचंही लक्ष हंडीत. माझं माहेर काचिगुड्याचं. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आमचे आजोबा नोकरीपायी हैदराबादलाच राहिले. तिथं सोवळ्यातल्या बायका पिढ्यानपिढ्या नांदल्यात, आईंची उपासमार कशी होईल?

दुपारी बापलेक बिर्याणीला गेले की तुम्ही दोघी आबिड्सच्या ताजमहाल हॉटेलात जा. जुनं, शुद्ध शाकाहारी, बसायला ऐसपैस. तिथं थाळी घ्या. आंध्राच्या जेवणाची एक रीत आहे, आधी गरम भातावर कोरडी चटणी आणि तूप, मग पप्पू म्हणजे डाळ, मग आंबट सार, शेवटी दही-भात. आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर सगळं एकदम कालवतील. कुठं गोंगुरा दिसला तर जरूर वाढून घ्या. ती आपली अंबाडीच, पण तिखट जपून.

बगारा बैंगन मात्र त्यांना बाहेर खायला घालू नका. शेंगदाणे, तीळ, खोबरं, चिंच, सगळं आपल्या ओळखीचं आहे, पण चांगलं मिळतं ते मटणाच्या हॉटेलात. घरी करून घाला.

गोड म्हणाल तर पुल्ला रेड्डी मिठाईवाल्याकडचे पूतरेकुलू. तांदळाचा कागदासारखा पापुद्रा, आत तूप आणि गूळ. तोंडात ठेवला की विरघळतो, आईंच्या कवळीलाही त्रास नाही. (कवळी असेल असं गृहीत धरलं, राग नसावा!) आणि गुरुवारी-शुक्रवारी जाणाऱ्यांसाठी सांगते, सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असतं. तुम्ही शनिवारी जायलात, म्हणजे नहारी आणि बिर्याणीच्या मधली वेळ तिथं घालवा. भूक लागेल एवढं चालणं होतं.

गोदाकाठची, परभणी

कवळी आहे! 😄 आईला वाचून दाखवलं. पूतरेकुलूचं नाव तिनं तीनदा विचारून घेतलं, डोशावर उपमा कशाला म्हणून मात्र नाक मुरडलं.

काचिगुडाताई, दुपारी दोन टोळ्या करायचं पक्कं. शेवटचं एक: सासऱ्यांसाठी बिर्याणी परभणीला आणता येईल का? रविवारी रात्रीची गाडी आहे.

भांडेवाला, देगलूर

येईल. पण दुपारची बांधून ठेवू नका, गाडीला निघताना संध्याकाळच्या हंडीतली घ्या. सालन आणि दही वेगळ्या पिशवीत. डब्याला वाफ धरू देऊ नका, गाडीत बसल्यावर थोडा वेळ झाकण सैल ठेवा. उन्हाळा असेल तर हा नाद सोडा. सकाळी घरी पोचल्या पोचल्या तव्यावर पाण्याचा हबका मारून गरम करा.

आणि आईंचा बर्थ त्या डब्यापासून लांब घ्या.