ईशान्येकडच्या राज्यांतल्या मुलीला ‘नेपाळची का? चीनची का?’ असं शेजारी कुणी बोललं, तेव्हा तुम्ही काय केलंत?

जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरमधल्या एका दुकानात अरुणाचलच्या निडो तानियाच्या केसांवरून टिंगल झाली. त्यातून मारहाण झाली आणि तो पोरगा गेला. मग ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारी बघायला सरकारची बेझबरुआ समिती बसली, अशा शेरेबाजीसाठी कायद्यात वेगळं कलम हवं असं तिने सुचवलं. कायद्याचं राहू द्या. टिंगल सुरू होते तेव्हा आसपास आपल्यासारखं कुणीतरी असतंच. तोंड उघडलंत तर नेमकं काय बोललात, पुढे काय झालं, तेवढं लिहा. उपदेश नकोत.

कोथरूड
आमच्या मजल्यावर मणिपूरच्या दोघी भाड्याने राहायच्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला : स्वयंपाकाचा वास येतो, जागा सोडायला सांगा. त्या भाजीत आंबवलेले मासे घालतात. माझ्या सासूबाई मालवणच्या. त्या उठल्या, "मी रविवारी सुके बोंबील भाजते, मला कधी नोटीस नाही दिलीत ती?"
सेक्रेटरी म्हणाले, "काकू, तुमचं वेगळं."
"काय वेगळं ते मिनिट्समध्ये लिहा."
लिहिलं नाही. विषय बारगळला. मुली मात्र अकरा महिन्यांचा करार संपताच गेल्याच.

बाणेर
फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. एजंट आपणहून म्हणाला, "साहेब, आफ्रिकन आणि ते नॉर्थ-ईस्टवाले पाठवणार नाही, निश्चिंत राहा." म्हटलं, भाडं वेळेवर देणारा कुणीही पाठव. त्याने गिऱ्हाईक पाठवणंच बंद केलं! दुसरा एजंट बघितला.

मूळ दिमापूर (नागालँड), सध्या पिंपरी
पार्लरमध्ये काम करते, मराठी इथेच शिकले. बायका माझ्यासमोरच एकमेकींना विचारतात, "हिला कळतं का गं?" मी थ्रेडिंग करता करता सांगते, "कळतं ताई, भुवई हलवू नका." मजा येते, खोटं कशाला बोलू.

मार्च २०२० मध्ये मजा नव्हती. रस्त्यात पोरं ‘कोरोना’ म्हणून ओरडायची. दुधाच्या रांगेत माझ्या मागचे सगळे लांब सरकले. एक आजोबा तेवढे पुढे येऊन उभे राहिले आणि पिशवी माझ्या मागच्याला द्यायला निघालेल्या दुकानदाराला म्हणाले, "नंबर हिचा आहे, आधी हिला दे." एवढंच पुरतं मला. भांडून तुम्ही घरी जाता, मला उद्या त्याच दुकानात जायचं असतं.

हिंजवडी
टीममधल्या आसामच्या मुलाला सगळे ‘मोमो’ म्हणायचे. मी ग्रुपवर लिहिलं, त्याला नाव आहे. उत्तर आलं, "त्याला चालतं, तुला काय?" त्याला विचारलं तर तोही हसून चालतं म्हणाला. नोकरी सोडून गेल्यावर फोनवर म्हणाला, रोज चीड यायची, पण प्रोबेशन होतं.

दिमापूरच्या ताई, बोलणारा आपल्याच ऑफिसातला असेल तर काय करायचं?

मूळ दिमापूर, सध्या पिंपरी
बाजूला घेऊन बोला. आणि ‘तिला वाईट वाटलं’ म्हणू नका, नाहीतर तो माझ्याकडेच येतो माफी मागायला, सगळ्यांसमोर. ‘मला आवडलं नाही’ म्हणा.