मदत हवी आहे: विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीचा पहिलाच सीझन

नमस्कार मंडळी. मी मॅडिसनजवळ राहतो. नोव्हेंबरातल्या नऊ दिवसांच्या गन सीझनला शेजारी मला त्यांच्या शेतावर नेणार आहेत. हंटर सेफ्टीचा कोर्स झालाय, 1973 पासून पुढे जन्मलेल्यांना इथे तो लागतोच. कंबरेच्या वरचे निम्मे कपडे तरी भडक केशरी किंवा गुलाबी हवेत, त्यामुळे जॅकेट आणि टोपी केशरीच घेतली.

खरी काळजी ट्री स्टँडची, म्हणजे झाडावर बसायच्या मचाणाची. रायफल रिकामी करून दोरीने वर ओढायची, हे कळलं. पण हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) शिडीच्या पहिल्या पायरीपासूनच दोराला अडकवलेला हवा ना? शेजारी वर बसल्यावर पट्टा लावतात, मला ते पटत नाही. जाड कोटावर नीट बसणारा हार्नेस कुणी वापरलाय का?

दुसरं, गोळी. शिशाचे बारीक कण मटणात दूरवर पसरतात आणि घरात लहान मुलं आहेत, म्हणून तांब्याचीच घेणार. त्या वापरणाऱ्यांनी अनुभव सांगा. नेम चुकून पोटात लागली तर लगेच हरणाच्या मागे न जाता किती तास थांबता? जनावर तडफडत राहू नये, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि सीडब्ल्यूडी, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग. हा रोग इथे 2002 पासून आहे, बाधित हरणाचं मटण खाऊ नये असं सांगतात. डोकं तपासणीला दिल्यावर रिपोर्ट येईपर्यंत मटण कसं ठेवता, अख्खं की तुकडे करून फ्रीजरमध्ये?