आईचं 'बराय की' मोजायचं कसं? फायब्रोमायाल्जियासाठी वही, ॲप की प्रश्नावली? सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ_८८
नमस्कार मंडळी. आई ५४ वर्षांची, सांगलीत असते. गेल्या दिवाळीनंतर संधिवाताच्या डॉक्टरांनी फायब्रोमायाल्जिया (अंगभर दुखणं आणि थकवा राहणारा आजार) आहे असं सांगितलं. त्याआधी अडीच वर्षं एक्स-रे, एमआरआय, थायरॉइड, सगळं करून झालं होतं, रिपोर्ट नॉर्मल. आता दर दोन महिन्यांनी दाखवायला जावं लागतं, तेव्हा मी पुण्याहून येते. डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय?" आई म्हणते, "बराय की आता." आणि बाहेर रिक्षात बसेपर्यंत तिचे पाय थरथरत असतात. गोळी वाढवायची की नाही हे त्या एका वाक्यावर ठरतं.

तिचं जगणं किती सुधारलं, किती बिघडलं हे मोजायला काय वापरू? नुसतं दुखणं नको. झोप, थकवा, घरकाम, माणसांत मिसळणं, सगळं यायला हवं. मराठीत, शक्यतो कागदावर, ५०० रुपयांच्या आत. आईकडे साधा फोन आहे.

सह्याद्रीपथिक
ताई, बजेट थोडं वाढवा आणि सरळ स्मार्ट घड्याळ घ्या. माझं १४,५०० ला पडलं, तीन वर्षं झाली, एक दिवस हातातून काढलं नाही. झोप किती, पावलं किती, नाडी किती, सगळं आपोआप नोंदतं. माणूस खोटं बोलतो, घड्याळ बोलत नाही.

निळी_चिमणी
मला स्वतःला नऊ वर्षं फायब्रो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एफआयक्यूआर नावाची प्रश्नावली आहे, फायब्रोने रोजच्या जगण्यावर किती परिणाम झाला ते मोजणारी. मूळची एफआयक्यू १९९१ मध्ये अमेरिकेत ऑरेगनला तयार झाली, २००९ मध्ये ती सुधारून ही आली. २१ प्रश्न, प्रत्येकाला ० ते १० गुण, गेल्या सात दिवसांचा विचार करून द्यायचे. पहिले नऊ कामांचे: केस विंचरणं, सलग वीस मिनिटं चालणं, स्वयंपाक, झाडणं-पुसणं, किराण्याची पिशवी उचलणं, जिना चढणं असे. पुढचे दोन एकूण परिणामाचे. शेवटचे दहा लक्षणांचे, त्यात दुखण्याबरोबर झोप, थकवा, विसरभोळेपणा, उदासी, तोल जाणं, आवाज-उजेड-वास सहन न होणं हेही येतं. पहिल्या भागाची बेरीज भागिले ३, दुसऱ्याची न भागता आहे तेवढीच, तिसऱ्याची भागिले २. एकूण १०० पैकी. आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. खर्च झेरॉक्सचा.

घड्याळाबद्दल माझा अनुभव सांगते. गौरीजेवणाच्या दिवशी माझी अकरा हजार पावलं झाली. घड्याळाच्या हिशेबी तो वर्षातला सर्वांत चांगला दिवस होता. पुढचे चार दिवस मी अंथरुणात होते, कुशीवर वळताना रडू येत होतं. ती पावलं कुठून आली आणि त्याची किंमत काय पडली, हे त्यात कुठेच दिसत नाही.

शशी_मुलुंड
मोजण्यापेक्षा मूळ कारण बघा. मिसेसला हाच त्रास होता, मान-खांदे-कंबर सगळं. ऑर्थोपेडिक गादी घेतली, ३२ हजारांची. पंधरा दिवसांत फरक. गादी बदला आधी.

कृष्णाकाठ_८८
शशीदादा, ५०० च्या आत म्हटलंय. आणि आई खाली सतरंजीवरच झोपते, तिला गादी सोसत नाही.

अप्पा_लातूर
रिपोर्ट नॉर्मल आहेत ना? मग दुखणं मोजत बसलं की दुखणं वाढतं. आमच्या आईने दहा माणसांचं केलं, कधी आकडे मांडले नाहीत. मन रमवा त्यांचं.

निळी_चिमणी
अप्पा, तुमच्या आईला कोणी विचारलंच नसेल. रिपोर्ट नॉर्मल येतात कारण बिघाड सांध्यात किंवा रक्तात नसतो, मेंदू आणि मज्जातंतू वेदना ज्या रीतीने हाताळतात त्यात असतो. १९९० च्या निकषांत अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून बघत, ११ दुखल्या तर निदान. २०१० पासून ते दाबणं गेलं. त्याऐवजी अंगाच्या १९ भागांपैकी किती दुखतात आणि थकवा, झोप, आठवण किती बिघडली हे विचारतात. म्हणजे विचारण्यावाचून दुसरा मार्गच नाही या आजारात. काकू "बराय की" म्हणतात ते असंच ऐकून ऐकून.

मेघमल्हार
ॲपच्या नादी लागू नका. मी वर्षाची वर्गणी भरली, दिवसातून तीनदा आठवण करून द्यायचं. दीड महिन्यात फोनकडे बघायची इच्छा उरली नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत. एक प्रश्नावली असते म्हणे २१ प्रश्नांची, ती शोधा.

फिजिओ_कोथरूड
मी फिजिओथेरपिस्ट आहे. निळी_चिमणी यांनी छान लिहिलंय, थोडी भर घालतो.

एसएफ-३६ ही सर्वसाधारण तब्येतीची प्रश्नावली, तिच्यात आठ विभाग असतात, आकडा मोठा म्हणजे तब्येत चांगली. एफआयक्यूआरचं नेमकं उलटं. माझ्या एका पेशंटने दोन्ही एकाच तक्त्यात लिहिले आणि घरच्यांचा समज झाला की तब्येत एकाच वेळी सुधारतेय आणि बिघडतेय. एकच निवडा. ईक्यू-५डी पाच प्रश्नांत उरकते, पण ती थकवा आणि झोप विचारत नाही. फायब्रोत तेच दोन सोडले तर हातात काय राहिलं? जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ मला आवडते. शरीर, मन, नातीगोती आणि भोवताल असे चार भाग आहेत, पण ती कुठल्याच एका आजाराची नाही.

भाषांतर घरच्या घरी करू नका, शब्द बदलला की प्रश्न बदलतो. डॉक्टरांकडे तपासलेली मराठी प्रत आहे का ते विचारा. आणि प्रश्न आईंच्या आयुष्याचे आहेत का तेही बघा. जुन्या एफआयक्यूत गाडी चालवणं आणि कपडे वाळवायचं यंत्रसुद्धा होतं. सुधारित प्रतीतही पंचेचाळीस मिनिटं खुर्चीत बसता येतं का असं विचारलंय. जमिनीवर मांडी घालून जगणाऱ्या बाईने काय लिहायचं?

दुसरं, दोन-तीन गुणांच्या फरकावर उड्या मारू नका. एफआयक्यूमध्ये साधारण १४ टक्के बदल झाला तर तो माणसाला जाणवण्याइतका, असं धरतात.

सह्याद्रीपथिक
१४ टक्के म्हणजे १०० पैकी १४ गुण ना? मग तेवढा फरक पडायला वर्ष जाईल. घड्याळात रोज कळतं.

फिजिओ_कोथरूड
नाही, पहिल्या आकड्याच्या १४ टक्के. सुरुवातीला ६० असतील तर साधारण साडेआठ गुण.

शशी_मुलुंड
ड जीवनसत्त्व तपासलं का? आणि बी-१२? मिसेसचं दोन्ही कमी होतं. गादीही बदलली होती म्हणा.

मेघमल्हार
शशी, मग फरक गादीने पडला की गोळ्यांनी, हे कसं ठरवलंत? माझा प्रश्न मनापासून आहे. मीही एकदम चार गोष्टी सुरू केल्या होत्या, अजून कळत नाही कशाने बरं वाटलं.

निळी_चिमणी
मोजायचं असेल तर म्हणूनच एका वेळी एकच बदल. आणि कृष्णाकाठ, एक गोष्ट कोणतीही वही असली तरी: उदासीचा आकडा वर गेला तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, लगेच फोन कर डॉक्टरांना. मी थांबले होते. थांबायला नको होतं.

कृष्णाकाठ_८८
सगळ्यांचे खूप आभार. काल सांगलीला आले आणि २१ प्रश्न आईला वाचून दाखवले. निम्म्यात म्हणाली, "हे दुसऱ्या कुणाचं घर आहे." मग मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, तुला कशावरून कळतं की आज दिवस बरा आहे? तिने एका दमात तीन गोष्टी सांगितल्या. सकाळी स्वतःची वेणी स्वतः घातली, हात वर राहिले. भाकऱ्या किती थापल्या. आणि गुरुवारच्या भजनात आरतीपर्यंत बसता आलं की आधीच उठावं लागलं.

तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती रोज रात्री लिहिणार आहे. वेणी स्वतः घातली तर 'मी', शेजारच्या काकूंनी घातली तर 'का'. भाकऱ्यांचा आकडा. गुरुवारी आरतीची फुली. बाकी काही नाही.

फिजिओ_कोथरूड
कल्पना चांगली आहे, पण झोप राहिली, मनःस्थिती राहिली. दुसऱ्या पेशंटशी तुलनाही करता येणार नाही. सोबत महिन्यातून एकदा एफआयक्यूआर भरून घ्याच.

निळी_चिमणी
मीही तेच म्हणेन. दोन्ही ठेव.

कृष्णाकाठ_८८
तुम्ही दोघांनी इतकं मनापासून लिहिलंत, तरी नाही करणार. ती नको म्हणालीय. अडीच वर्षं तिला कागदच दाखवत होते सगळे. झोप आणि मनाचं मी रोज फोनवर विचारेन आणि माझ्या वहीत लिहीन.

कृष्णाकाठ_८८
सात आठवड्यांनी लिहितेय. आज दाखवून आलो. डॉक्टरांनी "कसं वाटतंय" विचारलं, आईने उत्तर न देता कॅलेंडर पुढे केलं. त्यांनी भाकऱ्यांचे आकडे बोटाने मोजले: ४, ४, ५, ०, ०, २, ३. मग विचारलं, ही शून्यं दर वेळी सोमवार-मंगळवारचीच का? आई म्हणाली, रविवारी गोधड्या धुते. सगळ्या? सगळ्या. एवढं मला मुलगी असून माहीत नव्हतं.

गोळी तीच ठेवलीय. रविवारी एकच गोधडी, बाकीच्या आठवड्यात वाटून, आणि रोज संध्याकाळी दहा मिनिटं चालणं, जमेल तसं वाढवत. आणखी दोन महिन्यांनी बोलावलंय.

सह्याद्रीपथिक
छान झालं ताई. कॅलेंडरचे फोटो काढून ठेवा, कागद हरवतो.

कृष्णाकाठ_८८
हो दादा, काढते. डॉक्टरांनी महिन्याची पानं फाइलला लावायला मागितली होती, पण आईने दिली नाहीत. दुधाचा हिशेब त्यावरच आहे.