नवऱ्यापासून वेगळी राहते पण घटस्फोट नाही, अर्जात काय लिहायचं?

आर्णीकर:
मंडळी, एका शब्दापायी काम अडलंय. मी तहसीलसमोर बसून अर्ज टाइप करून देतो. परवा आमच्याच गल्लीतली एक पोरगी आली, वर्षावर झालं माहेरीच आहे, कोर्टात खावटीची केस सुरू आहे, घटस्फोट काही झाला नाही. तिला बापाच्या रेशनकार्डात नाव चढवायचं होतं. मी लिहिलं "अर्जदार पतीपासून विभक्त आहे". बाबूंनी 'विभक्त' एवढंच वाचलं आणि म्हणे विभक्त कार्डाचा फॉर्म वेगळा आहे, तो भरा, सासऱ्याची संमती जोडा. आता आपल्याकडं विभक्त म्हणजे भाऊ-भाऊ वेगळे निघतात ते, त्यामुळं बाबूंना तरी काय बोलणार. शेजारचा टायपिस्ट म्हणतो "फारकत" लिही. लिहू का?

पऱ्हाटी:
नका लिहू भाऊ. आमच्या गावात फारकत म्हणजे खेळ खलास. चार लोक बसले, कागद झाला, तू तुया घरी मी माया घरी. पोरीची केस सुरू हाय म्हन्ता न, मंग फारकत कशी? उद्या समोरच्या वकिलानं तोच अर्ज साहेबापुढं ठेवला तं तिच्या खावटीचे वांधे.

तालुका वकील:
गंमत अशी की हिंदू विवाह कायद्याच्या (1955) कलम 10 ला मराठीत कोणी न्यायिक विभक्तता लिहितं, कोणी न्यायिक फारकत. आणि त्यात लग्न तुटतच नाही. नवराबायको म्हणून एकत्र राहायची सक्ती तेवढी जाते, दुसरं लग्न करता येत नाही. कारणं घटस्फोटाचीच लागतात, आणि हुकूमनामा झाल्यावर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत तर त्यावर घटस्फोट मागता येतो. म्हणजे गावातली फारकत वेगळी, पुस्तकातली वेगळी. या पोरीकडं असा हुकूमनामा नाही, त्यामुळं तिला दोन्ही लागू नाही.

शुद्धलेखनी:
मुळात फारकत हा परका शब्द आहे, तो आपण इतक्या प्रेमानं का कुरवाळतोय? 'पृथग्निवासिनी' म्हणा. नेमका अर्थ, संशयाला जागा नाही.

पऱ्हाटी:
पृथग्निवासिनी 😂 माहूरच्या बाजूची एखादी देवी वाटून रायली, बाबू उठून हात जोडंल.

निवृत्त मास्तर:
परका म्हणून फारकत काढायचा तर वकील, अर्ज, दावा, तारीख हेही काढा, कोर्टात मग पंखा आणि बाक एवढंच राहील. फारकत हे 'फारिग' आणि 'खत' यावरून आलं, फारखती. फारिग म्हणजे मोकळा. देणं फिटलं की सावकार लिहून द्यायचा तो कागद. आमचे वडील "त्याची फारखती झाली" असं कर्जाबद्दलच म्हणत, बायकोबद्दल नाही. कर्जातून मोकळं होण्याचा शब्द लग्नाला चिकटला, यातच काय ते समजा.

वर्धेचा विनय:
मास्तर, मी तर 'फरक'वाला ऐकलंय, अरबी फ-र-क, वेगळं करणं. फारखती आणि फारकत हे दोन वेगळे शब्द असून एकमेकांत मिसळले असतील.

निवृत्त मास्तर:
असतील. पण कागदाशिवायची फारकत मी कधी ऐकली नाही, म्हणून खत मला पटतं.

तालुका वकील:
कागदावरून सांगतो, कारण दर आठवड्याला कोणीतरी घेऊन येतं. स्टॅम्पपेपर, त्यावर "आम्ही उभयता राजीखुशीने वेगळे राहत आहोत, एकमेकांविरुद्ध काही तक्रार नाही", खाली सरपंच आणि दोन साक्षीदार. लोकांना वाटतं हीच फारकत. कायद्यानं लग्न तसंच्या तसं. कलम 29 मध्ये रूढीनं होणारा काडीमोड वाचवलाय हे खरं, पण तुमच्या समाजात तशी रूढी जुनी आणि सतत चालत आलेली आहे हे पुराव्यानं दाखवावं लागतं, सरपंचाच्या सहीनं भागत नाही. आणि त्या "राजीखुशी"नं बाईचं नुकसान होतं ते वेगळंच. खावटीच्या कलमाखाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 खाली, आता 1 जुलै 2024 पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या 144 खाली, दोघं आपसात ठरवून वेगळे राहत असतील तर बायकोला खावटी मिळत नाही, असं कलमातच लिहिलंय. मारहाणीला कंटाळून आलेली पोरगी भांडण मिटावं म्हणून सही करते आणि वर्षानं खावटीचा अर्ज टाकला की नवऱ्याचा वकील पहिले तोच कागद काढतो. मग ती सही कशी घेतली हे सिद्ध करत बसा.

पऱ्हाटी:
आमच्या गावचं ऐका मंग. एकाची अशीच स्टॅम्पवाली फारकत, नंतर त्यानं दुसरीशी पाट लावला, पंधरा-वीस वर्सं सुखानं राह्यले. तो वारला. फेरफाराच्या टायमाले पहिली हजर, सोबत भाऊ. तलाठी म्हणे घटस्फोटाचा हुकूम दाखवा, हुकूम कुठचा? पहिलीचं नाव वारसात चढलं, दुसरीच्या पोरायचं चढलं, अन् जिनं त्या वावरात जिंदगीभर निंदण-खुरपण केलं तिचं नाही. लय भांडणं झाली. गावात तिलेच बायको म्हनत होते, सातबारा मानत नाही त्याले कोण काय करन.

तालुका वकील:
बरोबर झालं ते, म्हणजे कायद्यानं बरोबर. पहिली बायको हयात असताना लावलेला पाट रद्दबातल, पोरं मात्र औरस धरतात, बापाच्या मालमत्तेत हिस्सा येतो. नुसतं वेगळं राहिल्यानं बायकोचा वारसाहक्क जात नाही.

मेहकरची सून:
मी मघापासून वाचतेय. मला यातले सगळेच शब्द खटकतात, कारण गावात जे शब्द चालतात त्यात बाई कोणीतरी काहीतरी केलेली वस्तू असते. टाकलेली, सोडलेली, बसवलेली. लाडकी बहीणच्या फॉर्मच्या वेळी (2024) विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार असं होतं. माझी नणंद स्वतः पोराला कडेवर घेऊन रात्रीच्या एसटीनं निघून आली, तिनंच सोडलं त्याला. अंगणवाडीतल्या ताई म्हणाल्या परित्यक्तावर टिक कर. ती म्हणे मला कोणी त्यागलं नाही, मी विवाहितवरच करते. केलं पण तसंच.

वर्धेचा विनय:
कार्यकर्ते लोक 'एकल महिला' म्हणतात.

मेहकरची सून:
म्हणतात. पण त्यात विधवा, कुमारिका सगळ्याच आल्या. केस सुरू आहे हे त्यातून कुठं कळतं?

आर्णीकर:
म्हणूनच विचारतोय. "नांदत नाही" लिहिलं तर? सगळ्यांना समजतं.

तालुका वकील:
अजिबात नको! नवऱ्याकडून कलम 9 चा दावा येतो, ज्याला सगळे नांदायला आणायची केस म्हणतात, त्यात पहिलं वाक्य हेच असतं, "गैरअर्जदार विनाकारण नांदावयास येत नाही". पुढं दोन वर्षं झाली की त्याच शब्दावर सोडून गेली म्हणून घटस्फोट मागतात. आपल्याच अर्जात कशाला लिहून देता.

मेहकरची सून:
मग "नांदवत नाही" लिहा. नवरा नांदवत नाही. एका 'व'नं दोष इकडचा तिकडं.

निवृत्त मास्तर:
वा, प्रयोजक रूप कामाला आलं.

शुद्धलेखनी:
"स्वतंत्र राहते" यात काय वाईट आहे?

तालुका वकील:
स्वतंत्र कुठं, बापाच्या घरी राहते. आणि राहण्यावरच जायचं तर 'वेगळं राहणं' हेही वाटतं तितकं सरळ नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटाला वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, तिथं सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये सांगितलंय की एका छपराखाली राहूनही माणसं वेगळी असू शकतात, नवराबायको म्हणून राहत नसले म्हणजे झालं.

पऱ्हाटी:
म्हंजे एका घरात दोन चुली. आमच्याकडं हे कायद्याच्या आधीपासून हाय, बुढाबुढीत तं लयच.

वर्धेचा विनय:
इथं संमतीनंच वेगळं राहायचं आणि तिकडं संमतीनं राहिलं तर खावटी नाही, हे कसं?

तालुका वकील:
दोन कलमं, दोन कामं. म्हणून संमतीच्या अर्जात खावटीची रक्कम, पोरांचा ताबा, दागिने सगळं लिहूनच घ्यायचं. नंतरचे सहा महिने थांबायची अट कोर्ट योग्य केसमध्ये माफ करू शकतं, 2017 चा निकाल आहे. थोडक्यात, अर्जात "पतीसोबत वाद सुरू असून प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, सध्या माहेरी वास्तव्य" लिहा, केस नंबर टाका.

आर्णीकर:
बाबू सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला मागतात, तो सासरचे देत नाहीत. तेव्हा?

निवृत्त मास्तर:
ते बाजूला ठेवा जरा, काडीमोडचं राहूनच गेलं. यात काडी कसली मोडत, कोणी सांगेल का? मी गवताची ऐकलीय.

पऱ्हाटी:
गवताची कायले, इकडं तुरीच्या वाळल्या काड्या, तुऱ्हाट्या, काय कमी हायत? पंचासमोर तुऱ्हाटी मोडत, आजी सांगे.

वर्धेचा विनय:
तुऱ्हाटी मोडायला जोर लागतो हो. कपाशीची, पऱ्हाटीची असेल.

पऱ्हाटी:
पऱ्हाटी तं तिच्याऊनबी चिवट! तुमी कधी वावरात गेले हा का?